लेबलवरचं साल पाहून ‘ओरिजिनल’ ठरत नाही

आमच्या रेकॉर्डच्या दुकानाला व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यात जास्त येणारा फोटो म्हणजे ७ इंची पंक रॉक सिंगलच्या, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या, मधल्या कागदी लेबलचा. खाली एकच ओळ: “१९७७ लिहिलंय, म्हणजे ओरिजिनलच ना?” ओरिजिनल म्हणजे तेव्हाच, पहिल्या खेपेला निघालेली प्रत. कुणाला ती चोर बाजारात सापडलेली असते, कुणाच्या बोटीवर नोकरी करणाऱ्या काकांनी आणलेली असते. उत्तर दर वेळी तेच द्यावं लागतं, म्हणून हा कागद छापून काउंटरवर ठेवला आहे. येताना वाचून आलात तर तुमचाही फेरा वाचेल.

लेबलवर गोलातल्या ‘पी’पुढे जे साल असतं, ते ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झालं त्याचं. हातातली प्रत कधी दाबली, हे त्यावरून कळत नाही. वीस वर्षांनी पुन्हा काढलेल्या प्रतीवरही तेच साल असू शकतं. त्या सालावर विसंबून चौपट पैसे मोजलेले लोक आमच्याकडे येतात, आणि त्यांना खरं सांगताना आम्हालाही वाईट वाटतं.

पाहायचं ते रन-आउट: शेवटची खाच संपते आणि लेबल सुरू होतं, त्यामधला गुळगुळीत पट्टा. तिथे मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या साच्याचा ओळखक्रमांक असतो, हाताने कोरलेला किंवा ठशाने उमटवलेला. कधी मूळ तबकडीवर खाच कापणाऱ्या इंजिनिअरची खूणही सापडते. इंग्लंडच्या जॉर्ज पेकहॅमची ‘पोर्की’ ही सही जुन्या गिऱ्हाइकांना पाठ आहे. नकली प्रत काढणाऱ्याकडे मूळ लॅकर, म्हणजे जिच्यावरून साचे बनतात ती पहिली कापलेली तबकडी, नसतं. तो बाजारातल्या प्रतीवरून नवी कापतो, त्यामुळे त्याचं रन-आउट वेगळं येतं किंवा अक्षराची नक्कल केलेली दिसते. मात्र कंपनीनेच जुन्या साच्यांवरून पुन्हा प्रती दाबल्या, तर क्रमांक तोच राहतो. म्हणून आम्ही कव्हर, लेबल आणि रन-आउट, तिन्ही मागतो. हा आमचा हट्ट नाही, त्यावाचून ठरवताच येत नाही.

मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडची ‘स्पायरल स्क्रॅच’ घ्या. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी स्वतःच्याच न्यू हॉर्मोन्स या कंपनीतर्फे काढली, पहिल्या खेपेला १,००० प्रती. १९७९ मध्ये ती पुन्हा आली, तेव्हा कव्हरवर बँडच्या नावासोबत मूळ गायक हॉवर्ड डिव्होटोचंही नाव होतं. गाणी तीच चार, पण कव्हर नीट वाचलं तर नंतरची प्रत पहिली समजण्याची चूक होत नाही.

सेक्स पिस्टल्स या बँडच्या ‘गॉड सेव्ह द क्वीन’बद्दल तर विशेष जपा. मार्च १९७७ मध्ये ए अँड एम कंपनीने त्यांच्याशी करार केला, आठवड्याभरात मोडला आणि छापून तयार असलेल्या जवळपास सगळ्या प्रती नष्ट केल्या. उरल्या त्या मोजक्या, आणि नकली मात्र भरपूर. मे महिन्यात व्हर्जिन कंपनीने काढलेली प्रत वेगळी. ती खूप खपली, आणि ऐकायला तीच घ्यावी असं आमचं मत आहे.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. खिडकीशी तबकडी तिरकी धरा, म्हणजे कोरलेली अक्षरं उजेडात उठून दिसतात. दोन्ही बाजू, पूर्ण वर्तुळ. अक्षरं दिसावीत म्हणून पेन्सिल घासू नका. आणि दाखवायच्या आधी कृपा करून ओल्या फडक्याने पुसू नका: कागदी लेबल फुगतं, रंग सुटतो आणि किंमत तिथेच उतरते. धूळ आम्ही इथे काढतो.

आमच्याकडून घेतलेल्या सिंगलची तपासणी कधीही मोफत. बाहेरून आणलेल्या प्रतीचे २०० रुपये घेतो, कारण एक प्रत नीट पाहायला अर्धा तास सहज जातो. विकलेल्या प्रत्येक प्रतीच्या पाकिटावर दोन्ही बाजूंचं रन-आउट आम्ही पेन्सिलने लिहून देतो, आणि ती नंतरची आवृत्ती असेल तर तसंही स्पष्ट लिहितो. नंतरच्या आवृत्त्या वेगळ्या खोक्यात आहेत, स्वस्त आहेत आणि वाजतातही छान. संग्रह सुरू करणाऱ्याने आधी ते खोकं चाळावं.

जून ते सप्टेंबर येताना कव्हर आणि तबकडी वेगवेगळ्या प्लॅस्टिक पिशव्यांत आणा. ओलं झालेलं कव्हर तबकडीला चिकटलं असेल तर घरी ओढून सोडवू नका, तसंच घेऊन या.