खटपट: एक आवाज, अनेक अर्थ

हिंदीत ‘दोनों में खटपट हो गई’ म्हटलं की दोघांचं बिनसलं असं समजायचं. मराठीतला खटपट करणारा माणूस कुणाशी भांडत नसतो. अर्जविनंत्या करून, ओळखीपाळखी काढून, हेलपाटे घालून तो काम तडीस नेत असतो. गुजरातीत मात्र कुणाला ‘खटपटी’ म्हटलं तर सहसा ते कौतुक नसतं. तो कारस्थानी ठरतो. मुळात आहे काय, तर दोन टणक वस्तू एकमेकींवर आपटल्याचा आवाज.

अशा शब्दांची दखल आपल्याकडे फार पूर्वी घेतली गेली. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात, ‘काक’ हे नाव कावळ्याच्या ओरडण्यावरून पडलं असं म्हटलं आहे, आणि औपमन्यव या आचार्याला असलं काही मान्य नव्हतं हेही तिथेच नोंदवलं आहे. पाणिनीने या प्रकाराला ‘अव्यक्तानुकरण’, म्हणजे अस्फुट आवाजाची नक्कल, म्हटलं. ‘पटपटाकरोति’ (पटपट असा आवाज करतो) यासारख्या रूपांसाठी अष्टाध्यायीत स्वतंत्र सूत्र आहे.

खटपटीला खरी प्रसिद्धी मिळाली ती बडोद्यात. जेम्स औट्रम 1847 मध्ये तिथे रेसिडेंट, म्हणजे दरबारातला ब्रिटिशांचा प्रतिनिधी, म्हणून आला. त्याच वर्षाच्या अखेरीस गणपतराव गायकवाड गादीवर आले. मुंबई सरकारात योग्य ठिकाणी पैसे पोचवले की हवा तो निकाल पदरात पडतो, असा दरबारात आणि पेढ्यांवर पक्का समज होता. या व्यवहाराला तिथले लोक खटपट म्हणत. औट्रमने 1851 मध्ये त्यावर सविस्तर अहवाल धाडला, तोही याच शब्दाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड याला अहवालाचा सूर मुळीच रुचला नाही आणि औट्रमलाच बडोदं सोडावं लागलं. प्रकरण पुढे ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. 1854 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने औट्रमला थोड्या काळासाठी परत बडोद्याला पाठवलं. 1886 मध्ये यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला, त्यातही हा शब्द आहे: पश्चिम हिंदुस्थानातली कारस्थानं आणि लाचखोरी या अर्थाने. हिंदी-मराठीतला अर्थ याहून वेगळा आहे, हेही कोशकारांनी सांगितलं आहे.

बडोद्यात राजघराणं मराठी आणि रयत गुजराती. मराठीतली धडपड आणि गुजरातीतलं कारस्थान यांच्यातली रेघ तिथल्या दरबारात पुसट झाली असेल तर नवल नाही. मराठीही याबाबतीत अगदी सोवळी नाही म्हणा. ‘खटपटी-लटपटी करून’ मिळवलेल्या पदाकडे आपण आदराने बघत नाही. आणि तर्कशास्त्र्यांच्या कोरड्या काथ्याकुटाला ‘घटपटाची खटपट’ म्हणून हिणवलं गेलं, ते घट (मडकं) आणि पट (कापड) ही न्यायशास्त्रातली ठरलेली उदाहरणं म्हणून.

भांडणाचा अर्थ मराठीने टाकला नाही, दुसऱ्या शब्दाकडे सोपवला: आपल्याकडे ‘खटके उडतात’. हिंदीत ‘खटका’ म्हणजे मनातली धास्ती, बंगालीत ‘खटका’ लागतो तो शंकेचा. शिवाय बंगालीत ‘खटखटे’ म्हणजे ठणठणीत कोरडं. आपलं ‘खडखडीत वाळलेलं’ त्याच्या अगदी जवळचं. जिथे आवाजच नाही तिथेही बंगाली ध्वनिशब्द वापरते, रंगासाठीसुद्धा, याकडे रवींद्रनाथ ठाकुरांनी ध्वन्यात्मक शब्दांवरच्या निबंधात लक्ष वेधलं होतं. मराठी माणसाला ‘लालचुटूक’ म्हणताना हे वेगळं सांगायला नको.

मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने 1969 मध्ये दाखवून दिलं, की ही द्विरुक्त ध्वनिशब्दांची घडण आर्यभाषा आणि द्राविडी भाषा दोन्हींत सापडते आणि ती शेजारातून पसरलेली आहे. पण सारखा ऐकू येणारा प्रत्येक शब्द नातेवाईक मानायची घाई करू नये. मराठीत कटकट म्हणजे डोक्याला ताप, हिंदीत दात कटकटतात, तमिळमध्ये ‘कडकड’ म्हणजे खडखडाट आणि भराभरही. तेलुगू वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात ‘नीटि कटकट’ असे मथळे येतात, त्याचा अर्थ पाण्याची टंचाई. या चौघांची एकच वंशावळ मांडायला हाती पुरावा लागतो, आणि नुसता आवाज हा पुरावा होत नाही, कारण तो कुणीही, कुठेही ऐकू शकतो.