परक्या शहरातली मालमत्ता: खरेदीच्या पायऱ्या कुठून आल्या

नव्या शहरात गुंतवणुकीसाठी पहिले घर किंवा जमीन घेऊ पाहणाऱ्याला मालकीची तपासणी, बोजाचा (म्हणजे मालमत्तेवरच्या कर्जाचा किंवा दाव्याचा) दाखला, मूल्यांकन हे सोपस्कार कटकटीचे वाटतात. पण यातली जवळजवळ प्रत्येक पायरी कुणाच्या तरी नुकसानीनंतर आली आहे.

स्थावरातला नफा मुळात जागेवरच्या माणसाचा. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमचा धनाढ्य मार्कस क्रॅसस जळणारी आणि त्यांच्या शेजारची घरे घाबरलेल्या मालकांकडून स्वस्तात घेत असे, असे प्राचीन चरित्रकार प्लुटार्कने नोंदवले आहे. बांधकाम जाणणारे शेकडो गुलाम त्याच्या हाताशी होते. बाहेरगावच्या माणसाला आगीची खबर पोहोचेपर्यंत सौदा झालेला असायचा.

परक्याची पहिली अडचण मालकीची. इंग्रजी कायद्यात हक्क सिद्ध करायला जुन्या खरेदीखतांची अखंड साखळी दाखवावी लागे. एक कागद हरवला की सगळेच डळमळीत. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी 1858 मध्ये वेगळा कायदा आणला. ते आधी बंदरावर जकात खात्यात होते आणि जहाजांची मालकी नोंदवहीतून कशी बदलते हे त्यांनी पाहिले होते. तीच रीत त्यांनी जमिनीला लावली: सरकारी नोंदवहीत ज्याचे नाव, तो मालक. ही पद्धत अनेक देशांनी घेतली, सगळ्यांनी नाही. बऱ्याच ठिकाणी आजही फक्त दस्त नोंदला जातो, मालकीची हमी सरकार देत नाही. नव्या शहरात हा फरक सर्वांत आधी विचारून घ्यावा, असे मला ठामपणे वाटते.

अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. पेनसिल्व्हेनियात 1868 च्या एका खटल्यात जुना बोजा निघाल्याने खरेदीदाराचे पैसे बुडाले, तरी कागद तपासणारा निष्काळजी ठरला नाही. त्यानंतर 1876 मध्ये फिलाडेल्फियात मालकी हक्काचा विमा उतरवणारी पहिली कंपनी निघाली.

कागद चोख असले तरी जागा कशी आहे हे कळत नाही. 1920 च्या दशकात फ्लोरिडातले प्लॉट लोक न पाहता टपालाने घेत होते. मायामीत इसारपावत्याच हातोहात विकल्या जात. पूर्ण रक्कम भरण्याचा इरादा फार थोड्यांचा असे. कुख्यात ठकसेन चार्ल्स पाँझीने ‘जॅक्सनव्हिलजवळ’ म्हणून विकलेली जमीन त्या शहरापासून सुमारे 100 किलोमीटरवर होती. 1925 मध्ये रेल्वेने मालवाहतुकीवर निर्बंध घातले, बांधकामे अडली, आणि 1926 च्या चक्रीवादळाने उरलासुरला बाजार मोडला.

मग स्थानिकांना विचारावे? इथला इतिहास जास्त अस्वस्थ करणारा आहे. 1933 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या गृहकर्ज महामंडळाने पुढच्या काही वर्षांत दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे केले. वस्त्यांना चार श्रेणी दिल्या. सर्वांत खालची लाल. श्रेणी ठरवताना आधार होता तिथल्याच दलालांच्या आणि कर्ज देणाऱ्यांच्या मतांचा. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सरसकट लाल झाल्या. त्या काळात अशा भागांना कर्ज मिळणे दुरापास्त होते, त्यामुळे घरांची डागडुजी आणि किमती दोन्ही खालावल्या. 1968 च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरला, पण तोवर एक पिढी गेली होती. ‘तो एरिया चांगला नाही’ हे दलालाचे वाक्य ऐकताना मला हे नकाशे आठवतात. त्यामागे भाडे, पाणी, रस्ते यांचा अनुभव आहे की नुसता पूर्वग्रह, हे खोदून विचारावे लागते.

1960 मध्ये अमेरिकेने रीटला (अनेकांचे पैसे एकत्र करून स्थावर मालमत्तेत गुंतवणाऱ्या संस्थेला) कायद्याची चौकट दिली आणि छोट्या गुंतवणूकदाराला शहर न पाहताही इमारतींच्या भाड्यात वाटा घेता येऊ लागला. 2008 च्या घसरणीनंतर मोठ्या कंपन्यांनी फिनिक्स, अटलांटासारख्या शहरांत हजारो घरे आकडेवारीच्या जोरावर विकत घेतली. भाडेवसुली आणि गळक्या नळांसाठी मात्र त्यांनाही त्या त्या शहरातली माणसे नेमावी लागली.