चिऱ्याच्या भिंतीला चवथीआधी कोटिंग नको

गोव्यात आमच्याकडून जांभ्या दगडाचे चिरे नेणाऱ्या आणि घर किंवा कुंपणाची भिंत बांधून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

दर वर्षी जुलै लागला की आमच्या वाड्यावर एकच विचारणा सुरू होते. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली, मुंबईहून पाहुणे यायचेत, चिऱ्याच्या भिंतीला तेवढे क्लिअर कोटिंग, म्हणजे पारदर्शक चकचकीत थर, करून द्या. आम्ही नाही म्हणतो. काही जण नाराज होतात, बाजारातून डबा आणतात आणि दुसऱ्या कुणाकडून काम उरकून घेतात. चवथीला भिंत छान चकाकते. तुळशीच्या लग्नापर्यंत तिच्यावर फुगे येतात, पापुद्रे सुटतात, आणि त्याखाली बोट फिरवले की चिऱ्याची तांबूस पूड हाताला लागते. मग आम्हाला बोलावणे येते.

त्या वेळचे काम किचकट असते. कोटिंगचा थर हलक्या हाताने खरवडायचा, नायलॉनच्या ब्रशने भिंत कोरडीच घासायची, पुन्हा वाळू द्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. भिंत बांधताना वाचवलेला वेळ इथे दामदुपटीने जातो, आणि दगडाचा झडलेला पृष्ठभाग काही परत येत नाही. म्हणून आम्ही पावसाळ्यात कोटिंगचे काम घेत नाही. त्यामागचे कारण दगडातच आहे. ते एकदा समजले की बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरेही मिळतात.

चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा पावसानेच घडवला आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे महिने कडक ऊन. असे भिजणे आणि सुकणे लाखो वर्षे चालत आले. पाण्याने मूळ खडकातली सिलिका, चुना, सोडा असे विरघळणारे सगळे वाहून नेले. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, त्यांनी एकमेकांना धरले आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, जांभ्याचा जाड थर तयार झाला. डिचोली, सत्तरी, सांगे भागातले लोहखनिजही याच रीतीने सकस झाले. पट्टेदार खडकातली सिलिका पाण्याबरोबर गेली, लोह उरले, आणि तेच पुढे मुरगाव बंदरातून बोटी भरभरून परदेशी गेले. तुमच्या कुंपणातला चिरा आणि ते खनिज एकाच पावसाची निर्मिती आहेत.

दगडातला मऊ भाग धुऊन गेला, तिथे भोके राहिली. गाडी उतरवताना "भोकांचे चिरे दिलेत" म्हणून चिरे परत पाठवू नका. भोके नसलेला जांभा मिळत नाही. लालसर रंग हेमॅटाइटचा, पिवळसर गोएथाइटचा, आणि एकाच खणीत दोन्ही निघतात. पांढरे डाग मात्र नीट पाहा. ती केओलिन माती असते आणि पहिल्याच पावसात ती निघून खड्डा पडतो. असे चिरे आम्ही रचतानाच बाजूला काढतो. तरी गाडीत एखादा सापडलाच तर बदलून देतो.

आता मुख्य मुद्दा. ही भोके आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाटा पाणी आत घेतात. बांधकामाच्या चिऱ्यासाठी भारतीय मानक आय.एस. ३६२० आहे. त्यानुसार चांगल्या चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये. म्हणजे ३० किलोचा, मानकात बसणारा उत्तम चिरासुद्धा साडेतीन लिटरपर्यंत पाणी पोटात ठेवू शकतो. जुलैतली भिंत अशा चिऱ्यांची रास असते. वरून पाऊस, खालून जमिनीची ओल, आणि सिमेंटमधले क्षार त्या पाण्यात विरघळलेले. समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या वाऱ्याचे मीठ आणखी वेगळे. भिंतीचे तोंड मोकळे असेल तर ऊन पडल्यावर पाणी बाहेर येऊन उडून जाते आणि क्षाराची पांढरी पूड पृष्ठभागावर राहते. ती कोरड्या ब्रशने झटकली की काम झाले. तोंडावर प्लास्टिकसारखा चकचकीत थर असेल तर पाणी त्याच्या मागे अडते, क्षाराचे खडे तिथेच, दगडाच्या आत वाढतात आणि थराबरोबर दगडाचे तोंडही उचलून काढतात. डबा महागाचा असला तरी ओल्या भिंतीवर हेच होणार.

भिंत वाळली की नाही ते घरच्या घरी पाहता येते. वीतभर रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन घ्या आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा. एक जमिनीपासून हातभर उंचीवर, दुसरा छातीच्या उंचीवर, आणि जमल्यास उत्तरेच्या किंवा झाडाच्या सावलीतल्या बाजूला तिसरा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब दिसले, किंवा खालचा चिरा आजूबाजूपेक्षा गडद झाला, तर भिंत अजून ओली आहे. आठवड्याने पुन्हा लावा. पश्चिमेच्या उन्हातली बाजू लवकर सुटते, सावलीतली फार उशिरा. त्यामुळे तारीख आम्ही कॅलेंडर बघून देत नाही, प्लास्टिक बघून देतो.

चवथीला काहीच करता येणार नाही असे मात्र नाही. शेवाळ असेल तर मऊ ब्रशने काढा. प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, चिरा झिजतो. आतल्या, पाऊस न लागणाऱ्या भिंती झाडून, पुसून स्वच्छ करा. बाहेर रंग हवाच असेल तर पाऊस सरल्यावर चुन्याचा हात द्या. गोव्यात पावसाळ्यानंतर दर वर्षी भिंतींना चुना लावायची जुनी पद्धत होती, ती केवळ देखाव्यासाठी नव्हती. चुना भिंतीतल्या ओलीला वाट देतो आणि पावसाचा मार स्वतःवर घेतो.

जुन्या गोव्यातले बॉम जेझूस बासिलिका सगळ्यांनी पाहिले आहे. १६०५ साली पूर्ण झालेली ही वास्तू जांभ्याची, आणि मूळची गिलावा केलेली. १९५० च्या दशकात तो गिलावा उतरवला, म्हणून आज ती लाल दिसते. तोच लाल रंग पाहून अनेक ग्राहक आमच्याकडे "तसेच उघडे ठेवा" म्हणून येतात. त्या चिऱ्याची तेव्हापासून झालेली झीज जवळून पाहिली की गिलाव्याचे मोल कळते, आणि तो पुन्हा करावा की नाही यावर आजही चर्चा चालू आहे. तिथे दर्शनी भागातली नक्षी वेगळ्या दगडात आहे. तो वसईकडून आणलेला काळा बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा लाव्हा. जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही हे त्या कारागिरांना ठाऊक होते. कंबोडियातल्या अंकोरलाही पाया आणि आतली भर जांभ्याची, कोरीव तोंड वालुकाश्माचे. उघड्या चिऱ्याचे घर आम्ही बांधून देतो आणि ते सुंदर दिसते. पण छपराची वळचण दोन फूट तरी बाहेर हवी. कुंपणाच्या भिंतीला माथ्यावर उताराची काँक्रीटची पट्टी हवी, दोन्ही बाजूंना पुढे आलेली आणि खालून बोटभर खाच असलेली. त्या खाचेमुळे पाणी भिंतीवरून न ओघळता थेंबाथेंबाने बाहेर पडते. खर्च वाचवायचा म्हणून ही पट्टी गाळू नका, एवढी आमची विनंती आहे.

नव्या घरांत आणखी एक गोष्ट दिसते. अंगण भिंतीपर्यंत सगळे पेव्हर किंवा काँक्रीटचे करतात. सड्यावरचा जांभा पावसाचे पाणी गिळतो, खालच्या चिकणमातीच्या थराशी ते अडते आणि डोंगराच्या पायथ्याला झरीतून बाहेर येते. वेर्ण्याच्या पठाराखालची केसरव्हाळची झर अशीच वाहते. अंगण बंद केले की पाण्याची ती वाट बंद होते आणि ते भिंतीच्या पायाशी तुंबते. भिंतीला लागून दीड फूट पट्टा मोकळा सोडा, त्यात खडी घाला. विहीर असेल तर तिलाही बरे.

ताजे चिरे मऊ का लागतात, हेही नेहमी विचारले जाते. ईस्ट इंडिया कंपनीतले स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळात अंगडिपुरमजवळ हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले की खणीत तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की विटेसारखा घट्ट होतो. म्हणून आमचे चिरे खणीतून थेट तुमच्या पायावर येत नाहीत, आधी वाड्यावर रचून हवेला ठेवले जातात. त्यामुळे "आज सांगितले, उद्या गाडी" हे प्रत्येक वेळी जमत नाही आणि दरात थोडा फरक पडतो. शिवाय आम्ही खाण आणि भूगर्भशास्त्र खात्याचा परवाना असलेल्या खणीचाच माल घेतो. कागद मागितलेत तर दाखवतो. विनापरवाना खणी काम संपल्यावर तशाच उघड्या टाकल्या जातात, पावसात भरतात आणि त्यांत माणसे नि गुरे बुडतात. तो स्वस्त चिरा आम्हाला विकायचा नाही.

गवंड्याला दोन गोष्टी सांगून ठेवा. लावण्याआधी चिरा भिजवायचा, नाहीतर तो सांध्यातल्या सिमेंट-वाळूच्या मालातले पाणी ओढून घेतो. आणि हा माल फार कडक नको. एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू (१:६) पुरते, थोडा चुना मिसळला तर उत्तम. दगडापेक्षा सांधा कडक झाला की चिऱ्याच्या कडा तुटतात.

कोटिंगची नोंदणी आम्ही चवथीनंतर घेतो आणि काम दिवाळीनंतर, प्लास्टिकची चाचणी दोनदा कोरडी आल्यावर सुरू करतो. वापरतो ते सिलेन जातीचे, दगडात मुरणारे द्रावण. त्याने चमक येत नाही, पण पाऊस आत जात नाही आणि आतली वाफ बाहेर पडते. आम्ही बांधलेल्या भिंतीची तपासणी विनामूल्य आहे. दुसऱ्याने बांधलेली असली तरी येऊन पाहतो. येताना भिंतीचे सकाळच्या उन्हातले दोन फोटो आणि आधी काही लावले असल्यास त्याचा रिकामा डबा आणा, म्हणजे काय खरवडायचे आहे ते लगेच सांगता येईल.