पाच मिलिमीटरच्या तारेभोवती बांधलेला हेडलाइट

रात्री रस्ता नीट दिसेनासा झाला, की बहुतेकांचं मन आधी जास्त वॅटच्या बल्बकडे धावतं. एच-४ या हॅलोजन बल्बात तापून उजेड देणाऱ्या दोन बारीक तारा (फिलामेंट) असतात, अप्परसाठी ६० वॅटची आणि डिपरसाठी ५५ वॅटची. त्याच होल्डरमध्ये बसणारे १००/९० वॅटचे बल्बही मिळतात. पण ५५च्या जागी ९० वॅट आले, की बारा व्होल्टवर वायरमधून साडेचारऐवजी साडेसात अँपिअर प्रवाह वाहू लागतो. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे त्याच वायरीत अडीचपटीहून जास्त. मग होल्डरचं प्लास्टिक वितळतं आणि रिफ्लेक्टरचा चकचकीत थर काळवंडतो.

आणि एवढा धोका पत्करून दिसतं किती? अंतर दुप्पट झालं की तिथे पोहोचणारा उजेड चौथाईवर येतो. त्यामुळे बल्बचा प्रकाश ३० टक्क्यांनी वाढवला, तर आधी १०० मीटरवर दिसणारी वस्तू फार तर ११४ मीटरवर दिसेल. बाकी काही न बदलता फक्त बल्ब वाढवणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

जुन्या गाडीत मी आधी बल्ब नव्हे, बल्बपर्यंत पोहोचणारं व्होल्टेज तपासायला सांगेन. हॅलोजनची तार व्होल्टेजबाबत फार हळवी असते. ते १० टक्क्यांनी घटलं की प्रकाश जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. गंजलेली अर्थिंग, बारीक वायर, झिजलेला स्विच अशा ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज गळत जातं. जाड वायर टाकून मध्ये रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवला, तर बॅटरीचा प्रवाह थेट बल्बला मिळतो आणि मूळचाच ५५ वॅटचा बल्ब नव्यासारखा पेटतो. काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचं आवरण असेल, तर ते उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळट होतं. त्याला पॉलिश करून घेणंही तितकंच मोलाचं.

एलईडी बल्बची गोष्ट वेगळी. वीज कमी आणि उजेड भरपूर, हे खरंच आहे. पण हॅलोजनसाठी बनवलेला रिफ्लेक्टर जेमतेम पाच मिलिमीटर लांबीच्या तारेभोवती आखलेला असतो. ती तार नेमकी कुठे असेल हे धरून त्याचा प्रत्येक वळसा ठरतो. एलईडीमध्ये त्या जागी पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप असतात. त्या मिलिमीटरभर जरी सरकल्या, तरी डिपरच्या झोताची वरची स्वच्छ कडा फाटते आणि प्रकाश समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. ज्या गाडीचा दिवा मुळातच एलईडीसाठी घडवलेला आहे, तिथे ही अडचण येत नाही.

धुक्यात तर जास्त उजेड उलटाच पडतो. हवेत तरंगणारे थेंब प्रकाश चहूकडे विखुरतात, त्यातला काही भाग आपल्याकडेच परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अप्पर लावला की ती आणखी झळाळते. म्हणून फॉग लाइट बंपरवर खाली असतो, त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, आणि तो डोळ्यांच्या रेषेखालून रस्त्यावर सरपटतो. पिवळा प्रकाश धुकं भेदून जातो असं सर्रास सांगितलं जातं. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कित्येक पट मोठे असतात, ते पिवळ्याला आणि निळ्याला जवळपास सारखंच विखुरतात. निळा प्रकाश जास्त विखुरतो म्हणून आकाश निळं दिसतं, ते कारण इथे लागूच पडत नाही. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकापासून १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते. तरीही धुक्यात फरक पडतो तो मुख्यतः झोताच्या उंचीमुळे आणि आकारामुळे.

धुकं ओसरल्यावर फॉग लाइट मात्र बंद करावेत. गाडीसमोरचे पहिले काही मीटर लख्ख उजळले, की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि दूरचा रस्ता आधीपेक्षा काळोखा दिसू लागतो.