खिडक्यांचे उष्णतारोधन
जुन्या घराच्या खिडक्या बदलताना गार वाऱ्याचा शिरकाव व उष्णतेचा ऱ्हास रोखण्यासाठी केलेली उपाययोजना. थंड हवामानाच्या प्रदेशांत तिला विशेष महत्त्व आहे. खिडकीतून उष्णता काच व चौकट यांतून वाहून जाते, तशीच ती फटींतून हवेबरोबरही निसटते.

काचेतून जाणारी उष्णता रोखण्यासाठी दुहेरी काच, म्हणजे मध्ये हवा वा वायू कोंडलेल्या दोन काचा, वापरतात. तिचे जनकत्व वादग्रस्त आहे. टॉमस स्टेटसन यांना १८६५ मध्ये अमेरिकेत काचांच्या कडा बंद करून मध्ये हवा कोंडण्याच्या रचनेचे एकस्व (पेटंट) मिळाले. पुष्कळ लेखक मात्र हे श्रेय १९३० च्या दशकातील सी. डी. हेवन यांना देतात. हिवाळ्यापुरती दुसरी खिडकी लावण्याची यूरोपीय प्रथा याहून जुनी आहे, पण तीत हवा बंदिस्त नसते. तेव्हा कल्पना स्टेटसन यांची आणि कारखानी उत्पादन हेवन यांच्या काळातील, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

एकेरी काचेतून दर चौ. मी. क्षेत्रातून, आतील व बाहेरील तापमानातील दर अंश से. फरकामागे सु. ५.७ वॉट उष्णता जाते. साध्या दुहेरी काचेत हा आकडा सु. २.८ असून, काचेवर अल्प-उत्सर्जक (उष्णतेचे प्रारण कमी करणारा) लेप व मध्ये आर्गॉन वायू असल्यास तो १.१ च्या आसपास येतो. काचांमधील अंतर सु. १६ मिमी. ठेवतात, ते फार वाढवल्यास आतील वायूच फिरू लागतो व लाभ वाढत नाही.

उत्तम काच घेऊनही वारा लागतो तो बहुधा चौकट व भिंत यांमधील सांध्यातून, आणि कामात हयगय होते तीही इथेच. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडक्यांच्या बाजूंना झडपेचा भार तोलणारी वजने लोंबण्यासाठी पोकळ खण असतात. ते तसेच ठेवून वर पट्टी ठोकली, तर गार हवा खणातून सरळ खोलीत येते. म्हणून वजने काढून खण उष्णतारोधक द्रव्याने भरावेत. सांध्यात कमी फुगणारा फोम वापरतात, कारण जास्त फुगणाऱ्या फोमने चौकट वाकते व झडप अडकते. मात्र नुसता फोम पुरेसा नाही. सांधा आतून हवाबंद करावा. बाहेरून तो पाऊस अडवणारा, पण बाष्प जाऊ देणारा असावा. नाहीतर खोलीतील दमट हवेतल्या बाष्पाचे सांध्यात पाणी होऊन लाकूड कुजते.

वाऱ्याच्या दिवशी चौकटीच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवल्यास धूर जिथे हलतो तिथे गळती समजावी. काचेलगत गार होऊन खाली उतरणारी हवाही वाऱ्यासारखीच भासते. तिच्यावर सीलंटचा (फटी बुजवणाऱ्या लुकणाचा) उपयोग होत नाही. जुन्या फटी बुजल्यावर वायुवीजनाची वेगळी सोय करावी लागते.