गाडीबाहेरच्या माणसाचं काय?

पुण्यात नवले पुलाजवळ मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात: ब्रेक निकामी झाले, आणि चालकावर गुन्हा दाखल. दोन्ही खरं असेल. पण नव्या कात्रज बोगद्यापासून पुलापर्यंत गाडीला सतत पुढे ढकलणारा जो सलग उतार आहे, तो त्या बातमीत आरोपी म्हणून कधी येत नाही.

साधा हिशेब करून बघा. ४० टनांचा भरलेला ट्रक १०० मीटर उंची उतरला की सुमारे ३९ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तोच ट्रक सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायला साडेपाच मेगाज्यूल लागतात. म्हणजे हा उतार निव्वळ ब्रेकवर उतरायचा, तर सात वेळा लागोपाठ ताशी ६० वरून करकचून थांबवल्याइतकी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये साठते, आणि मध्ये थंड व्हायला उसंत नाही. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरचं घर्षण कमी होतं, आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी ऐकत नाही. खालच्या गिअरमध्ये ठेवलं तर यातली बरीच ऊर्जा इंजिन खातं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकली की तो आधार जातो. इंजिनच बंद केलं तर एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांचा चुराडा केला होता. चालक दर वेळी वेगळा असतो, जागा मात्र तीच.

हे आधी सांगायचं कारण म्हणजे स्वयंचलित गाड्यांच्या प्रचारात वर्षानुवर्षं फिरणारा एक आकडा: ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीमुळे होतात, म्हणून माणूसच काढून टाका. हा आकडा अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१५ सालच्या एका टिपणातला आहे. अपघाताआधीच्या घटनांच्या साखळीतली शेवटची कडी ९४ टक्के वेळा चालकाशी जोडलेली होती, एवढंच ते टिपण म्हणतं. हे अपघाताचं कारण समजू नये, असंही त्यातच लिहिलेलं आहे. ते वाक्य प्रचारात गळून पडलं. उतार, अंधार, गायब झालेले पांढरे पट्टे, चुकीच्या जागी फोडलेला दुभाजक हे सगळं त्या ९४ टक्क्यांच्या आत मुकाट्याने बसलेलं असतं.

तरीही मी या तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

गाडीचा सांगाडा जितका टणक तितकी ती सुरक्षित, असा समज एके काळी इंजिनिअरांचाही होता. मर्सिडीजमधल्या बेला बारेनी यांनी तो उलटा केला: माणसं बसतात तो भाग टणक ठेवा, पण पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करा. १९५९ साली अशी गाडी बाजारात आली. त्याच वर्षी व्होल्व्होच्या निल्स बोहलिन यांचा तीन ठिकाणी अडकवलेला सीटबेल्ट आला, आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं. धडकेच्या चाचणीत वापरतात तो ताशी ६४ किलोमीटरचा वेग घ्या. गाडीचं नाक ६० सेंटिमीटर चुरगळलं आणि बेल्टमुळे तुम्ही गाडीबरोबरच थांबलात, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी २७ पट बल येतं. ७० किलोच्या माणसावर जवळपास १९०० किलोचा भार, पण सेकंदाच्या पंधराव्या भागापुरता. हाडं मोडतील, माणूस बहुधा वाचेल. बेल्ट नसेल तर गाडी थांबते, तुम्ही त्याच वेगाने पुढे जात राहता आणि डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर पाच-सहा सेंटिमीटरांत थांबता. तेच बल आता तीनशे पटींच्या घरात जातं. तिथे कुठलंही शरीर टिकत नाही. एअरबॅग ३०-४० मिलिसेकंदांत फुगते, पण ती बेल्ट लावलेल्या माणसासाठी बेतलेली असते. बेल्ट नसलेला माणूस ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन आदळू शकतो.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ कारच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटवरच्या बेल्टची चर्चा महिनाभर चालली. नंतर पुण्यात काय झालं हे कुठल्याही सीट कव्हरवाल्याकडे उभं राहून बघावं. मागच्या बेल्टची बक्कलं अजूनही कव्हरखाली गाडली जातात, आणि पुढच्या सीटची टिंग-टिंग बंद करायला नुसती क्लिप विकत मिळते. बेल्ट नको, फक्त आवाज नको!

असो. गाड्या मात्र सुधारल्या. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून बघितल्या आणि पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाचपैकी पाच मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. आता शोरूममध्ये मायलेजच्या जोडीला ‘किती स्टार?’ हाही प्रश्न विचारला जातो. पुण्याचा या सगळ्याशी घरचा संबंध आहे. वेताळ टेकडीच्या कुशीतली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था १९६६ पासून गाड्या तपासते आहे, आणि पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात त्या तयार होतात.

पण आता मरणाऱ्यांकडे बघा. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होती, १९.५ टक्के पायी चालत होती. कारमध्ये बसलेली माणसं साधारण आठात एक. म्हणजे चुरगळणारं नाक, बेल्ट, एअरबॅग हे साठ वर्षांचं देखणं विज्ञान आपल्याकडच्या बहुसंख्य मृतांच्या जवळपासही फिरकत नाही, कारण ते गाडीच्या आत बसलेल्याला वाचवतं. बाहेरच्याला वाचवायचा खात्रीचा मार्ग एकच: धडक होऊच न देणं, आणि झालीच तर कमी वेगाने होणं. स्वयंचलित गाडीच्या यंत्रणेत माझ्या दृष्टीने दम आहे तो इथे.

पौड रस्त्यावर रात्री ताशी ६० ने जाताना समोर कोणी आलं, तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २५ मीटर गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. ताशी ८० ने जाणारा शेजारचा गाडीवाला त्याच क्षणी सावध झाला, तर तो ४५ मीटरवर थांबलेला नसतो; तिथे त्याचा वेग अजून ताशी ६५ च्या आसपास असतो. वीसच किलोमीटर जास्त होते, पण एकाने माणसाच्या अलीकडे गाडी थांबवली आणि दुसऱ्याने ६५ च्या वेगाने उडवलं. आता तो दीड सेकंद यंत्राने ०.३ वर आणला, तर ६० वाली गाडी २५ मीटरमध्येच थांबते. हे वीस मीटर गाडीतल्या माणसाला जाणवणारही नाहीत. बाहेरच्याचं सगळं आयुष्य त्यात असतं.

आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक नेमकं हेच करतो. रडार समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग मोजतं, कॅमेरा ती वस्तू काय आहे ते ओळखतो, आणि टक्कर व्हायला किती सेकंद उरलेत याचं गणित सतत चालू असतं. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने प्रत्यक्ष अपघातांची छाननी केली, तेव्हा मागून धडकण्याचे प्रकार या ब्रेकने निम्म्यावर आलेले दिसले. पादचारी ओळखणाऱ्या ब्रेकने पादचाऱ्यांना धडकणं २७ टक्क्यांनी घटवलं. पण दिवे नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर या दुसऱ्या ब्रेकचा काहीच उपयोग दिसला नाही. म्हणजे महापालिकेचा बंद पडलेला दिवा हासुद्धा गाडीच्या सुरक्षा यंत्रणेचा भाग आहे. हे वाक्य मला निविदा काढणाऱ्यांना ऐकवायचंय.

यापुढची पायरी घसरडी आहे. चाकणला बनलेल्या एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत आज जे मिळतं, ती स्वयंचलनाची दुसरी पातळी: लेन आणि वेग गाडी सांभाळते, लक्ष तुम्ही ठेवायचं. ऐकायला छान वाटतं, पण माणूस याच कामात कच्चा असतो. १९४८ साली नॉर्मन मॅकवर्थ यांनी ब्रिटिश हवाईदलाच्या रडारचालकांच्या अनुभवावरून एक प्रयोग रचला होता. घड्याळाच्या काट्याची एखादी चुकार उडी टिपायची, बाकी काही करायचं नाही. अर्ध्या तासातच टिपण्याचं प्रमाण घसरू लागलं. आळस हे त्याचं कारण नव्हतं. मेंदूची घडणच तशी आहे. द्रुतगती मार्गावर तासभर गाडी स्वतः चाललेली असताना, खोपोलीजवळ अचानक ‘घ्या आता तुम्ही’ म्हणाली, तर घेणारा जागा असेल पण तयार असेलच असं नाही.

१८ मार्च २०१८ ला अमेरिकेतल्या टेम्पी गावात हे सगळं एकत्र आलं. उबरची चाचणीतली व्होल्व्हो गाडी, रात्रीची वेळ, आणि सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणारी एक बाई. यंत्रणेने तिला धडकेआधी ५.६ सेकंद टिपलं होतं. एवढा वेळ थांबायला भरपूर. पण यंत्रणा ठरवत राहिली: हे वाहन आहे, नाही, दुसरंच काही आहे, नाही, सायकल आहे. आणि दर वेळी नाव बदललं की त्या वस्तूचा आधीचा प्रवास पुसला जायचा, त्यामुळे ती आडवी चालत येते आहे हे यंत्रणेला कळलंच नाही. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यताच प्रोग्रॅममध्ये धरलेली नव्हती. व्होल्व्होचा मूळ आणीबाणीचा ब्रेक चाचणीसाठी बंद करून ठेवला होता. लक्ष ठेवायला बसवलेली व्यक्ती मोबाइलवर कार्यक्रम बघत होती. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा हा अहवाल वाचताना मला लक्ष्मी रोड आठवत राहिला. तिथे झेब्रा क्रॉसिंगवरून ओलांडणाराच अपवाद ठरेल.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. वेमो या अमेरिकी कंपनीच्या पूर्ण चालकविरहित टॅक्सी फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्कोत रोज धावतात. स्विस री या विमा कंपनीबरोबर केलेल्या २०२४ च्या अभ्यासात सुमारे ४ कोटी किलोमीटरच्या प्रवासात इजेचे दावे माणसांच्या तुलनेत ९२ टक्के कमी निघाले. वेमोने स्वतः त्यात भाग घेतला होता हे लक्षात ठेवूनही, हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मृत्यूंबद्दल मात्र इतक्या लवकर बोलता येत नाही. अमेरिकेत मुळात १० कोटी मैलांमागे साधारण एक मृत्यू होतो, त्यामुळे ‘आमची गाडी कमी जीव घेते’ हे ठामपणे सांगायला कोट्यवधी मैल धावावं लागतं. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१६ मध्ये तो आकडा मांडला: २७.५ कोटी मैल, तेही एकही मृत्यू न होता.

मग ही टॅक्सी उचलून स्वारगेटला आणली तर? आणली तरी ती तिथे गोठेल, असा माझा अंदाज आहे. रोबॉट क्षेत्रात ‘फ्रीझिंग रोबॉट’ नावाची जुनी अडचण आहे. आजूबाजूचे सगळे आपापल्या वाटेने जातच राहतील, आपल्यासाठी कोणी सरकणार नाही, असं धरून यंत्र मोकळी वाट शोधतं. गर्दीत अशी वाट सापडतच नाही, आणि ते जागच्या जागी थांबतं. जेधे चौकातला पीएमपीचा ड्रायव्हर उलट विचार करतो. बसचं नाक दोन फूट पुढे घातलं की रिक्षा थबकेल हे त्याला माहीत असतं, आणि रिक्षावाल्याला हे ठाऊक असतं की त्याला ते माहीत आहे. नियमाप्रमाणे ताशी ३६ च्या वेगाला दोन सेकंदांचं, म्हणजे २० मीटरचं अंतर ठेवा. सिंहगड रोडवर त्यात तीन स्कूटर घुसतात. यंत्र पुन्हा वेग कमी करून अंतर राखतं, पुन्हा तीन घुसतात. आणि मागचा जो बंपरला चिकटून येतोय, त्याला पुढच्या गाडीच्या आपोआप लागलेल्या ब्रेकची कल्पनाच नसते.

ओळखीचाही प्रश्न आहे. यंत्राला बघायला शिकवणारी प्रसिद्ध चित्रं बरीच वर्षं जर्मन शहरांतली होती. हैदराबादच्या आयआयआयटीने हैदराबाद आणि बंगळूरच्या रस्त्यांवर दहा हजारांहून अधिक चित्रं गोळा केली, तेव्हा ऑटोरिक्षा आणि जनावरं हे वेगळे वर्ग करावे लागले. त्याहून मजेदार वर्ग म्हणजे रस्त्याकडेची माती: तो अधिकृत रस्ता नाही, पण वेळ पडली तर गाडी तिच्यावरून जाऊ शकते. आपल्याकडे रस्ता कुठे संपतो हे ठरवणं हाच एक संशोधनाचा विषय निघाला.

नितीन गडकरींनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं की चालकविरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही, कारण ड्रायव्हरांचे रोजगार जातील. काळजी रास्त आहे. पण त्या वादात सगळं लक्ष रिकाम्या स्टिअरिंगवर राहतं, आणि त्याच तंत्रज्ञानाचा ब्रेकपुरता तुकडा महागड्या व्हेरिएंटमध्ये अडकून पडतो. मला विचाराल तर हा क्रम उलटा हवा. आधी ट्रक, बस आणि टँकरला हा ब्रेक, कारण त्यांच्यापुढे येणारा बाहेरचा माणूस सर्वांत उघडा असतो. खासगी गाडीची लेन सांभाळण्याची चैन नंतर.

आणि ब्रेक पास की नापास, हे कुणाला समोर उभं करून ठरवायचं, यावर पुण्यानेच बोलायला हवं, कारण तपासणारे इथेच बसतात. युरो एनकॅपने २०२३ पासून मोटरसायकलस्वाराचा पुतळा चाचणीत आणला. तो एकटा असतो, हेल्मेट घालून, आपल्या लेनमध्ये. इथल्या चाचणीसाठी पुतळा करायचा तर स्कूटरवर पुढे उभं पोर, मागे बसलेली बाई, पायाशी गॅसचा सिलिंडर, चालवणारीच्या तोंडाला डोळ्यांपर्यंत बांधलेला स्कार्फ, आणि गाडी राँग साइडने येणारी, दिवा बंद. हे सगळं रात्री, पावसात, ताशी २५ ने.