१९६४ची जीटीओ आणि आजचं पेट्रोल

गाडी चढावर आहे, गिअर वरचा आहे, वेग कमी. ॲक्सिलरेटर दाबला की बोनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. साठच्या दशकातली अमेरिकन व्ही-८ (आठ सिलिंडरांची) गाडी सांभाळणाऱ्यांना हे नॉकिंग चांगलंच ओळखीचं असतं. इंजिनकाम नुकतंच झालेलं असलं, कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) धुऊन बसवलेला असला तरी ते जात नाही, कारण खोट बहुतेक वेळा इंजिनात नसून टाकीत असते. ज्या पेट्रोलवर हिशेब मांडून हे इंजिन आखलं, ते पेट्रोल पंपावरून कधीच गेलं.

पाँटिअ‍ॅक जीटीओचंच उदाहरण घेऊ. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन द्यायचं नाही, असा तेव्हा पाँटिअ‍ॅकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, अंतर्गत दंडक होता. पाँटिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. बॉनव्हिलसारख्या अजस्र गाड्यांमधलं ३८९ घनइंची इंजिन त्यांनी टेम्पेस्ट ल मान्समध्ये ‘जादा पैसे मोजून मिळणारी सोय’ म्हणून बसवलं. हीच जीटीओ. पहिल्याच वर्षी, १९६४च्या मॉडेलच्या ३२,४५० गाड्या खपल्या. एका चार-बॅरल (चार तोंडांच्या) कार्टर कार्ब्युरेटरवर ३२५ अश्वशक्ती, तीन रोचेस्टर कार्ब्युरेटरांवर ३४८. हे आकडे मात्र चार हात लांबूनच वाचावेत. तेव्हाची मोजणी नुसतं इंजिन टेबलावर चढवून, एअर फिल्टर आणि गाडीचा सायलेन्सर न लावता व्हायची. गाडीत बसलेल्या अवस्थेतली शक्ती छापायची पद्धत १९७२च्या मॉडेलांपासून रुळली.

आपल्या कामाचा आकडा वेगळाच आहे: १०.७५. हे कॉम्प्रेशनचं प्रमाण. या इंजिनाचा एकेक सिलिंडर ७९७ सीसीचा. मारुती ८०० चं तिन्ही सिलिंडर मिळून अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं, म्हणजे जीटीओच्या बोनेटखाली तशी आठ इंजिनं आहेत. पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर उरते सुमारे ८२ सीसी जागा, साधारण कटिंग चहाच्या ग्लासाएवढी. जवळजवळ ८८० सीसी मिश्रण त्या ग्लासात कोंबलं जातं. ते तापतं, ठिणगी पडते, ज्योत एका कडेने पसरू लागते. पुढचं न जळलेलं मिश्रण आणखी दाबलं जातं, आणि ज्योत पोचण्याआधीच ते एकदम भडकलं तर दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. आपल्याला ऐकू येणारे खडे ते हेच. जास्त वेळ चाललं तर पिस्टनच्या रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात, हेड गॅस्केट जातं.

पेट्रोल असं अवेळी भडकू न देण्याचा गुण म्हणजे ऑक्टेन. डेटनमधल्या जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१मध्ये टेट्राएथिल लेड सापडलं, आणि गॅलनमागे दोन-तीन ग्रॅम शिसं घालून ऑक्टेन स्वस्तात वाढवता येऊ लागलं. त्याच्या विषारीपणाची किंमत कामगारांनी १९२४पासूनच मोजली आणि पुढे दोन पिढ्यांनी श्वासातून. त्यावर वेगळं लिहावं लागेल; इथे इतकंच, की आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये शिसं नसतं. साठच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतलं प्रीमियम पेट्रोल भारतीय पंपावर लिहितात त्या मापाने, म्हणजे ‘रिसर्च’ ऑक्टेनने, ९९-१००च्या घरात होतं.

इथे एक घोळ हमखास होतो. अमेरिकेतल्या पंपावर आज ९१ किंवा ९३ लिहिलेलं असतं ते दोन मापांची सरासरी काढून. तिथलं ९३ म्हणजे आपल्या मापाचं साधारण ९७-९८ आणि तिथलं ९१ म्हणजे ९५-९६. म्हणजे तूट आठ-नऊची नाही, दोन ते चारची आहे, आणि ती भरून काढता येते. बाटलीतल्या ‘ऑक्टेन बूस्टर’ने मात्र नाही. त्यावर ‘५ पॉइंट वाढ’ लिहिलेलं असलं तर तिथे एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग, हे लेबल सांगत नाही.

पहिला उपाय फुकटचा, टायमिंगचा: पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी किती अंश ठिणगी पडते, ते नीट बसवायचा. पण टायमिंगला हात लावण्याआधी खूण खरी आहे का ते बघायला हवं. क्रँकच्या पुढच्या टोकाला असलेल्या बॅलन्सरची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. साठ वर्षांत रबर सुटतं, कडी सरकते आणि तिच्यावरची खूण खोटी ठरते. बॅटरीची वायर काढा, सगळे प्लग काढा, एक नंबरच्या प्लगच्या भोकात पिस्टन अडवणारा बोल्ट बसवा. क्रँक हाताने हळू फिरवा, अडला की बॅलन्सरवर खूण करा; मग उलट दिशेने फिरवून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा बरोबर मध्य म्हणजे पिस्टनचा खरा माथा. जुनी खूण तिथे शून्याशी जुळली नाही तर तिच्यावर केलेली आजवरची सगळी सेटिंग वाया गेली असं समजायचं.

मग आधी पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले, ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क), नंतर टायमिंग. क्रम उलटा केला तर पॉइंट हलताच टायमिंगही हलतं. जनरल मोटर्सच्या डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) कॅपला एक सरकती खिडकी असते. इंजिन चालू ठेवून तिच्यातून १/८ इंची ॲलन की घालायची, घड्याळाच्या दिशेने फिरवत इंजिन मिसिंग करू लागेपर्यंत न्यायचं आणि अर्धा फेरा मागे यायचं. ड्वेल, म्हणजे पॉइंट बंद राहतात तो कोन, ३० अंशांच्या आसपास आला की झालं. आता डिस्ट्रिब्यूटरला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि टायमिंग लाइट लावा. ३८९ला आयडलवर ६ अंश आगाऊ ठिणगी ही कंपनीची सेटिंग. आरपीएम वाढवत न्या. डिस्ट्रिब्यूटरमधली, वेगाबरोबर ठिणगी आगाऊ सरकवणारी वजनं पूर्ण उघडल्यावर एकूण ३४ ते ३६ अंश दिसले पाहिजेत.

तरी खडे वाजत असतील तर ते नेमके कधी वाजतात ते ऐकायचं. पूर्ण ॲक्सिलरेटर आणि कमी आरपीएमवर वाजत असतील तर वजनं फार लवकर उघडताहेत; त्यांच्या स्प्रिंगा कडक घाला. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवताना वाजत असतील तर व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीने ठिणगी आणखी आगाऊ पाडणारी सोय) जास्त होतोय. सगळीकडेच वाजत असतील तर मूळ सेटिंग दोन-दोन अंशांनी मागे घ्या. पण सरसकट मागे घेत जाणं हा आळशी उपाय आहे: ठिणगी उशिरा पडली की उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, इंजिन तापतं आणि जोर जातो.

इंजिन उघडायचंच असेल तर कॉम्प्रेशन ९.५वर आणलेलं बरं. त्यासाठी वरची जागा ८२वरून ९४ सीसी करायची, म्हणजे फक्त १२ सीसी वाढवायची, अडीच चमचे. ही वाढ जाड हेड गॅस्केट घालून करण्याचा मोह होतो आणि गणितही जमतं. पण पिस्टन आणि हेड यांचे सपाट भाग अगदी जवळ येऊन मिश्रण ढवळतात, तो फायदा जाड गॅस्केटने जातो आणि कॉम्प्रेशन उतरूनही नॉकिंग राहू शकतं. खोलगट डोक्याचे पिस्टन किंवा मोठ्या चेंबरचं हेड हाच सरळ मार्ग.

शिशाचं दुसरं काम कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. ३,००० आरपीएमला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा सीटवर आपटतो, तेही लालबुंद तापलेला असताना. हेडच्याच ओतीव लोखंडात कोरलेली सीट आणि व्हॉल्व्ह क्षणभर एकमेकांना चिकटतात, सुटताना लोखंडाचे कण उपटले जातात, आणि तेच कण सीटला पॉलिश पेपरसारखे घासतात. शिशाच्या संयुगांचा पातळ थर या दोघांमध्ये गादीसारखा असायचा. तो गेला की सीट खचते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये रुतत जातो. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारे भाग) घन असतील तर फिलर गेजला अंतर कमी झालेलं कळतं. जीटीओचे हायड्रॉलिक टॅपेट मात्र ही खच गुपचूप पोटात घालतात. त्यांची हद्द संपली की व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि जळतो. म्हणून व्हॉल्व्ह कव्हर काढलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हांच्या टोकांवर स्टीलची पट्टी आडवी धरून बघावी. जे टोक इतरांपेक्षा वर आलंय, तो व्हॉल्व्ह खाली रुतलाय.

पक्का इलाज म्हणजे सीटची जागा कोरून कठीण मिश्रधातूची कडी ठोकून बसवणं. कडी जागेपेक्षा सुमारे ०.१ मिलिमीटर मोठी, हेड गरम, कडी गारठवलेली. कोरताना हत्यार खोल गेलं तर थेट पाण्याच्या कप्प्यात शिरतं आणि मिळायला दुर्मीळ असलेलं हेड भंगारात जातं. त्यामुळे रविवारी फेरफटका मारणाऱ्या गाडीचं धडधाकट हेड निव्वळ या भीतीने उतरवू नये. सीट खचते ती तासन्‌तास वेगात किंवा ओझं ओढताना. दुसऱ्या कारणाने हेड उतरलंच, तर मात्र हे काम करूनच परत चढवावं.

राहिलं इथेनॉल. अमेरिकेत आज बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, भारतात २० टक्क्यांपर्यंत. जुने होज आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. ते आधी बदला, आणि टाकीजवळचा हातभर तुकडा विसरू नका, गळती बहुतेकदा तिथूनच सुरू होते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने १० टक्क्यांवर मिश्रण सुमारे ४ टक्के पातळ होतं. गाडी ॲक्सिलरेटरला अडखळत असेल तर मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मापून सोडणारं भोक) एक-दोन नंबरने मोठा लागतो.

शिवाय आजचं पेट्रोल लवकर उकळतं. इंजेक्शनच्या गाडीत ते तीन-चार बार दाबाखाली असतं, म्हणून फरक पडत नाही. जीटीओत पंप इंजिनवर आहे आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणजे नळीतला दाब उलट कमी होतो आणि गरम दिवशी तिच्यात बुडबुडे धरतात. एक्झॉस्टजवळून जाणारी नळी लांब वळवा, जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी तिसरं तोंड असलेली फिल्टर बसवा. कार्ब्युरेटरच्या बुडाशी इनटेकमधून गरम एक्झॉस्ट फिरवणारी वाट मुळात थंडीसाठी ठेवलेली. उन्हाळ्यातच फिरणाऱ्या गाडीत ती पत्र्याच्या गॅस्केटने बंद केली तर चालते. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड स्पेसर घालणार असाल तर एअर फिल्टरच्या झाकणावर मातीचा गोळा ठेवून बोनेट आधी एकदा लावून बघा. गोळा किती दबला त्यावरून वर किती जागा उरली ते कळेल.